आधी वही खोडा, मग बॅग भरा

पत्र

ताई,

माझं वय ४६. गेली २२ वर्षं एकाच कार्यालयात हिशेबाचं काम करते. चौदा वर्षांची असताना भूगोलाच्या नकाशावरून मी एक वही केली होती. वर मोठ्या अक्षरात 'जगप्रदक्षिणा' लिहिलं होतं. पहिल्या पानावर सीरियातल्या पॅलमिराचे अवशेष, माल्टातली समुद्रातली खडकाची कमान, पेरूतलं माचू पिच्चू, कंबोडियातलं अंकोर. नंतर भर पडत गेली. आज त्या वहीत ५८ ठिकाणं आहेत.

मुलगा पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाईल. नवरा चांगला आहे, पण त्याला प्रवासाचा कंटाळा. "टीव्हीवर सगळं दिसतं, उगाच पाय कशाला दुखवायचे," म्हणतो. रेल्वेचे कार्यक्रम मात्र तासन्‌तास बघतो. "तुला जायचं तर जा, मी अडवणार नाही," असंही तोच म्हणतो, आणि खरं सांगू, तेच मला जास्त छळतं. आता दोष द्यायला कोणी उरलं नाही.

साठवलेले पैसे वर्षभर पुरणार नाहीत. काटकसर केली तर पाच-सहा महिने निघतील. कार्यालयात बिनपगारी दीर्घ रजेची तरतूद आहे, पण आजारपण सोडून कोणी ती घेतलेली मी पाहिली नाही. मैत्रिणी हसतात आणि म्हणतात, निवृत्त झालीस की जा. मी रात्री वही काढते, विमानाचे दर बघते आणि सगळं मिटून झोपते. कित्येक वर्षं हेच चाललंय. कधी वाटतं, सरळ राजीनामा द्यावा. कधी वाटतं, वही रद्दीत घालावी. हे स्वप्न माझं आहे की त्या चौदा वर्षांच्या मुलीचं, हेही आता कळेनासं झालंय. काय करू?

नाव छापू नका.

ता. क. निघालेच, तर पूर्वेकडून जाऊ की पश्चिमेकडून?

उत्तर

'आता दोष द्यायला कोणी उरलं नाही' हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण तुमच्या पत्राची गाठ तिथेच आहे. इतकी वर्षं मुलगा लहान होता, पैसा नव्हता, रजा नव्हती. प्रत्येक अडचण खरी होती आणि प्रत्येक अडचणीची थोडी सोबतही होती. आता त्या एकेक करून बाजूला होत आहेत, आणि घाबरायला झालंय ते त्यामुळे. स्वप्न न होण्याला सबळ कारण असलं की ते मनात सुखाने नांदतं. होण्यासारखं झालं की लगेच हिशेब मागू लागतं. तुम्ही तर हिशेबातल्याच, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. राजीनामा देऊ नका आणि वही रद्दीतही घालू नका. साधारण दीड वर्षाने, पाच महिन्यांसाठी, रजा घेऊन जा. वर्षभर नको आणि ५८ ठिकाणं तर मुळीच नकोत. हे असं का म्हणते ते आता सांगते.

वहीपासून सुरुवात करू. ती वही ज्या काळात लिहिली ते जग आता तसं राहिलेलं नाही. माल्टाजवळच्या गोझो बेटावरची ती कमान ८ मार्च २०१७च्या वादळात कोसळली. तिथे गेलात तर मोकळं पाणी दिसेल. पॅलमिरातली बेल आणि बालशामिनची देवळं २०१५मध्ये सुरुंग लावून उडवण्यात आली. म्हणजे पहिल्याच पानावरच्या चारांपैकी एक पूर्ण नाहीसं झालंय आणि दुसरं अर्धंमुर्धं उरलंय. हे वाचून 'बघा, उशीर केला' असं मनाला लावून घेऊ नका. मला सांगायचंय ते इतकंच की त्या यादीची बांधिलकी आता तुमच्यावर नाही. चौदा वर्षांच्या मुलीने तिला तेव्हा माहीत असलेल्या जगाची यादी केली. तिचा हट्ट जसाच्या तसा पुरवायला तुम्ही निघालात, तर तिथे पोचल्यावर आपण इथे का आलो हे तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

म्हणून आज रात्री विमानाचे दर बघू नका. त्याऐवजी वही घ्या, लाल पेन घ्या आणि प्रत्येक नावापुढे एका प्रश्नाचं उत्तर लिहा: तिथे एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी दहा वाजता मी काय करत असेन? 'बघत असेन' हे उत्तर चालणार नाही. बाजारात फिरत असेन, अमुक संग्रहालयात एकाच दालनात बसून असेन, डोंगर चढत असेन, तिथल्या बायकांकडून विणकाम शिकत असेन, नुसती समुद्राकाठी पडून असेन, यातलं काहीही चालेल. ज्या नावापुढे हात अडतो, ते खोडा. माझा अंदाज आहे की ५८पैकी फार तर पंधरा उरतील. त्या पंधरांतून पुन्हा सात-आठ निवडायचे. दुसरी चाळणी जास्त दुखेल, कारण तिथे नावडती ठिकाणं नसतील, आवडतीच असतील. स्वप्न कोणाचं हा तुमचा प्रश्न या खोडाखोडीतच सुटेल. मुलीची नावं आपोआप गळतील, तुमची उरतील. काही दोघींचीही निघतील. त्यांना हात लावू नका.

सात-आठच का? अंकोरचंच बघा. तुमच्या मनात एक देऊळ आणि त्यापलीकडचा सूर्योदय असणार. प्रत्यक्षात ते पुरातत्त्व उद्यान सुमारे ४०० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. अंकोर वाट हे त्यातलं एक. बाकीची देवळं झाडीत लांब लांब विखुरलेली आहेत आणि एका दिवसात त्यांतली दोन-तीन नीट झाली तर पुष्कळ. पाच महिने म्हणजे सुमारे १५० दिवस. ५८ ठिकाणांना भागलं तर प्रत्येकी अडीच दिवस येतात, आणि त्यातले निम्मे विमानतळांवर जातात. नेली ब्लाय नावाच्या अमेरिकन बातमीदार मुलीने असला प्रवास केला होता. १४ नोव्हेंबर १८८९ला एक छोटी हातातली बॅग घेऊन ती एकटी निघाली आणि ७२ दिवसांत पृथ्वीला वळसा घालून परतली. तिला घड्याळाला हरवायचं होतं, ते तिने झोकात हरवलं. पण ते ७२ दिवस बहुतेक जहाजाच्या डेकवर आणि गाडीच्या खिडकीशी गेले. कोलंबोत जहाज पाच दिवस अडकून पडलं तेव्हा ती चडफडत बसली होती. तुम्हाला ते पाच दिवस चडफडत काढायचे आहेत की कोलंबो बघायचंय? तुमचं उत्तर मला पत्रावरूनच कळतं.

आता 'प्रदक्षिणे'बद्दल. पूर्ण गोल झाला नाही तर स्वप्न अपुरं राहील अशी धास्ती तुमच्या पत्रात शब्दांमागे आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. पण विमानाच्या विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था सगळी रेखावृत्तं ओलांडत निदान कर्कवृत्ताच्या लांबीइतकं, म्हणजे सुमारे ३६,७८८ किलोमीटर अंतर कापलं की प्रदक्षिणा मानते. ध्रुवाभोवती दहा पावलं चाललात तरी सगळी रेखावृत्तं ओलांडून होतात, आणि ती प्रदक्षिणा कोणी मानत नाही. थोडक्यात, गोल कशाला म्हणायचं हे माणसं आपापल्या सोयीने ठरवतात. तुम्हीही ठरवा. माझ्या मते अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडून, एकाच दिशेने घरी परतलात की झाली प्रदक्षिणा. आणि ती सलग हवी असंही नाही. जगप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री जान बारे. १७६६मध्ये पुरुषाचा वेश करून, वनस्पतिशास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणून ती फ्रेंच मोहिमेच्या जहाजावर चढली. ताहितीत तिचं बिंग फुटलं, पुढे मॉरिशसला ती मोहीम सोडून उतरली आणि काही वर्षं तिथेच राहिली. फ्रान्सला परतली ती १७७५च्या सुमारास. मध्ये एवढा मोठा मुक्काम पडला म्हणून तिचा वळसा कोणी बाद केलेला नाही. तेव्हा पाच महिन्यांत घरून निरोप आला, आजारी पडलात, काहीही झालं आणि अर्ध्यातून परतावं लागलं, तर उरलेला भाग पुढच्या वर्षी तिथूनच सुरू करायचा.

मैत्रिणी हसतात त्याबद्दल फार लिहीत नाही. तारीख ठरेपर्यंत कोणालाच सांगू नका, म्हणजे हसणार कोण? वयाबद्दल मात्र एका बाईची ओळख करून देते. इडा फायफर, जन्म व्हिएन्नातला, १७९७चा. मुलगे मार्गी लागेपर्यंत ती थांबली आणि १८४२मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, एकटी बाहेर पडली. घरच्यांना सांगितलं की कॉन्स्टॅंटिनोपलला मैत्रिणीकडे जाते. गेली जेरुसलेम आणि इजिप्तपर्यंत. त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं, त्याच्या पैशातून आइसलँड केलं. १८४६ ते १८४८ पहिली जगप्रदक्षिणा आणि १८५१ ते १८५५ दुसरी. पैशाने ती श्रीमंत नव्हती. जमवलेले कीटक आणि वनस्पतींचे नमुने संग्रहालयांना विकून तिने खर्चाला हातभार लावला. बर्लिनच्या भूगोल संस्थेने तिला मानद सदस्य करून घेतलं. लंडनच्या संस्थेचं दार बायकांना बंद होतं. शेवटी मादागास्करच्या प्रवासात जडलेल्या तापाने १८५८मध्ये ती गेली, हेही सांगून टाकते, कारण प्रवासाची फक्त गोड बाजू सांगणारी मी नव्हे. 'निवृत्त झाल्यावर जा' म्हणणाऱ्यांना गुडघ्यांचं वेळापत्रक ठाऊक नसतं, एवढंच त्यांच्याविषयी.

आता मार्ग. तो ठिकाणांवरून नव्हे, ऋतूंवरून आखायचा. बहुतेक लोक इथेच चुकतात. आधी नकाशावर रेघ ओढतात आणि मग पावसात सापडतात. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियात फिरण्याचे दिवस नोव्हेंबर ते मार्च, कारण दक्षिण गोलार्धाचा तो उन्हाळा. माचू पिच्चूला जाणारी इंका ट्रेल ही पायवाट दर फेब्रुवारीत देखभालीसाठी बंद असते. एरवीही वाटाडे आणि हमाल धरून दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, त्यामुळे परवाना कित्येक महिने आधी काढावा लागतो. अंकोरला डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात थंड. ही माहिती एका कागदावर बारा महिन्यांच्या बारा उभ्या रकान्यांत मांडा, त्यात उरलेली सात-आठ नावं टाका, की रेघ आपोआप उमटते. नमुन्यादाखल: सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध इटली आणि आल्प्स, मग अटलांटिक ओलांडून पेरू, नोव्हेंबर-डिसेंबर चिली आणि पॅटागोनिया, जानेवारी न्यूझीलंड, शेवटी कंबोडिया. हा वळसा दोन्ही महासागर ओलांडतो, एकाच दिशेने जातो आणि वादळ-पाऊस पुष्कळसा चुकवतो. तुमची नावं वेगळी असतील, पद्धत हीच ठेवा.

तिकिटांचे दोन मार्ग आहेत. वनवर्ल्डसारख्या विमान कंपन्यांच्या आघाड्या जगप्रदक्षिणेचं एकत्र तिकीट देतात. त्याला अटी असतात: निघालात त्याच देशात परतायचं, दोन्ही महासागर ओलांडायचे, सगळं एका वर्षाच्या आत, जास्तीत जास्त १६ टप्पे. सुटी तिकिटं काढली तर मोकळीक जास्त, पण लांबच्या उड्डाणांना एकेरी तिकीट कधीकधी अव्वाच्या सव्वा पडतं. दोन्ही हिशेब मांडून बघा. माझा कल तुमच्यासाठी पहिल्याकडे आहे, कारण तारखा बदलता येतात आणि मार्ग आधी पक्का करावा लागतो. तुम्हाला सध्या मोकळीक कमी आणि बांधिलकी जास्त हवी आहे.

व्हिसाचं प्रकरण कंटाळवाणं आहे, पण स्वप्नं तिथेच अडतात. कोणता पासपोर्ट हाती आहे त्यावर सगळं अवलंबून असतं, तेव्हा प्रत्येक देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघा. ओळखीच्यांच्या अनुभवावर जाऊ नका. नेहमी नडणाऱ्या चार गोष्टी सांगते. पुष्कळ देशांना पासपोर्ट प्रवेशाच्या तारखेपासून पुढे सहा महिने वैध लागतो आणि कोरी पानंही लागतात. लांबच्या प्रवासात शेवटच्या देशाची तारीख मोजायची, पहिल्याची नव्हे. युरोपातल्या शेंगेन गटाच्या २९ देशांना एकच व्हिसा चालतो, पण कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि त्यासाठी अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो. म्हणजे सगळे व्हिसे एकदम हातात घेऊन निघू, हे जमत नाही. शिवाय व्हिसाचा अर्ज सहसा आपण राहतो त्याच देशात करावा लागतो, वाटेत नाही. म्हणून ज्या देशांचा व्हिसा अवघड, ते प्रवासाच्या पहिल्या भागात ठेवा आणि ज्यांचा ऑनलाइन किंवा पोचल्यावर मिळतो, ते शेवटी. आणि अमेरिकेत विमान नुसतं बदलायचं असलं तरी व्हिसा किंवा आधीची परवानगी लागते. वर दिलेल्या नमुन्यात मी दक्षिण अमेरिकेतून थेट न्यूझीलंड गाठलं ते उगाच नाही.

लसींनाही वेळ लागतो. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. जुलै २०१६पासून तो आयुष्यभरासाठी चालतो. दक्षिण अमेरिकेच्या काही भागांतून पुढे जाताना तो नसला तर विमानतळावरच अडवतात, तेव्हा देशांचा क्रम ठरला की लगेच बघा. हिपॅटायटिस बची लस घेतलेली नसेल तर तिचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. दीड वर्षाची मुदत मी उगाच दिलेली नाही.

आता पुन्हा घराकडे. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला पटलं नाही तरी समजलं. त्याला जे हवं ते त्याला घरी बसून मिळतं आणि तो तुमच्या वाटेत उभा नाही. त्याला पाच महिने ओढत नेऊ नका, त्यात दोघांचंही वाटोळं होईल. पण त्याला अजिबात वगळलंत तर परत याल तेव्हा तुमच्याकडे पाच महिन्यांच्या आठवणी असतील आणि त्याच्याकडे पाच महिन्यांचं रिकामं घर. मधला मार्ग त्यानेच दाखवलाय, रेल्वेचा. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झहून इटलीतल्या तिरानोला जाणारी बर्निना लाइन २,२५३ मीटरपर्यंत चढते, तीही दातेरी रुळाविना, साध्या रुळांवर. २००८मध्ये हा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आला. रेल्वेचे कार्यक्रम बघणाऱ्या माणसाला हे नाव ठाऊक असणारच. त्याला म्हणा, दोन आठवडे तिथे ये, गाड्या तू ठरव, तिकिटं तू काढ, मी मागून येते. तो नाही म्हणाला तरी हरकत नाही, निदान त्याला विचारलं तरी जाईल. आणि आला, तर तुमच्या प्रवासाची सुरुवात एकटीने होणार नाही, जी सगळ्यात अवघड असते.

मुलाशीही बोला, पण परवानगी मागण्याच्या सुरात नको. तो बाहेर पडल्यावर पहिल्या काही महिन्यांत तुम्ही जवळ असाव्यात असं त्याला वाटेल, आणि तुम्हालाही. म्हणूनही दीड वर्ष.

रजेचा अर्ज लेखी द्या आणि वर्षभर आधी द्या. 'आजारपणाशिवाय कोणी घेतली नाही' याचा अर्थ नियमात तसं लिहिलंय असा होत नाही. नियम काढून वाचा. ज्या महिन्यांत तुमच्या विभागात वर्षाच्या हिशेबाची धावपळ असते ते टाळून तारखा मागा, आणि तुमचं काम कोण करेल हे अर्जातच सुचवा. वरिष्ठांना नाही म्हणायला सोपं जातं ते उत्तर नसलेल्या प्रश्नाला. नाही म्हणाले तर? तर विचारा, तीन महिने चालतील का. तीन महिन्यांतही वळसा होतो, पाच ठिकाणांचा. राजीनामा हा त्यानंतरचा विचार. आणि तो करायचा असेल तर परतल्यावर काय करायचं याचं उत्तर हातात असू द्या. ४६व्या वर्षी नोकरी पुन्हा शोधणं हा वेगळा प्रवास आहे आणि त्याचं तिकीट महाग असतं.

पैशाचे तीन डबे करा: निघण्याआधीचा, वाटेतला आणि परतल्यानंतरचा. पहिल्यात तिकिटं, लसी, व्हिसे, विमा. विम्यात आजारी पडल्यास घरी आणण्याचा खर्च धरलेला आहे का ते बारीक अक्षरात बघा. दुसऱ्यात रोजचं राहणं, जेवण आणि फिरणं. तिसरा डबा सगळे विसरतात. परत आल्यावर पहिला पगार हातात पडेपर्यंत घर चालायला हवं. त्यासाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढा आणि त्याला वाटेत हात लावायचा नाही अशी स्वतःशी शपथ घ्या. उरलेल्यात किती दिवस बसतात ते मग मोजा, उलट नको. पाचाऐवजी चार महिने निघाले तर चार. एका ठिकाणी जास्त राहिलं की रोजचा खर्च उतरतो, हा कमी ठिकाणांचा आणखी एक फायदा.

आता एक गोष्ट, जी माहितीपुस्तिकांत कमी येते. लांबच्या प्रवासात माणूस थकतो तो चालून नव्हे, ठरवून. आज कुठे झोपायचं, उद्याची बस कुठून सुटते, हे जेवण पोटाला मानवेल का, हा माणूस मदत करतोय की फसवतोय. घरी हे सगळे निर्णय सवय घेते. तिथे सवय नसते. साधारण दोन-अडीच महिन्यांनी एक दिवस असा येतो की समोर जगातलं अप्रतिम काहीतरी उभं असतं आणि तुम्हाला फक्त आपल्या उशीवर डोकं टेकायचं असतं. त्या दिवशी स्वतःला नालायक ठरवू नका. त्याची सोय आधीच करा: दर तीन आठवड्यांनी एक आठवडा एकाच खोलीत, जिथे स्वतःचं रांधता येईल, आणि बघण्यासारखं काहीही नसलेल्या गावात. हा आठवडा वाया जातोय असं वाटेल. तो नसेल तर पुढचे तीन वाया जातील.

हे सगळं झेपेल का, हे वही सांगणार नाही. म्हणून पुढच्या सहा महिन्यांत एक रंगीत तालीम करा. दोन आठवडे, एकटी, एकच बॅग, भाषा येत नाही अशा ठिकाणी, आणि मध्ये तीनदा मुक्काम बदलायचा. आरामाची सहल नव्हे. संध्याकाळी एकटीने जेवताना कसं वाटतं, रस्ता चुकल्यावर हात थरथरतात की हसू येतं, घरी किती वेळा फोन करावासा वाटतो, हे लक्षात ठेवा. परत आल्यावर 'आता पाच महिने' म्हणताना पोटात गोळा आला तर चालेल, तो येणारच. पण 'नको' वाटलं, मनापासून, तर वही मिटा आणि दरवर्षी तीन आठवड्यांचा एक देश करा. त्यालाही मी हरणं म्हणणार नाही. माझा अंदाज विचाराल तर तुम्हाला 'नको' वाटणार नाही. जी बाई कित्येक वर्षं रात्री विमानाचे दर बघते, तिला नुसतं स्वप्न रंगवायचं असतं तर तिने चित्रं बघितली असती.

परतल्यावरची एक सूचना. लोक दहा मिनिटं उत्सुकतेने ऐकतील आणि मग आपापल्या विषयाकडे वळतील. त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. इडा फायफरसारखं लिहून ठेवा, कोणी वाचो न वाचो.

शेवटी तुमचा ताजा कलम: 'पूर्वेकडून जाऊ की पश्चिमेकडून?' शरीराला विचाराल तर पश्चिमेकडून. आपलं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे दिवस ताणणं त्याला सोपं जातं, आवळणं जड जातं. पश्चिमेला जाताना प्रत्येक टप्प्यावर दिवस लांबतो, पूर्वेला आखडतो, आणि म्हणून पूर्वेकडच्या उड्डाणानंतर झोपेचं जास्त खोबरं होतं. पण पश्चिमेने जाताना पॅसिफिकमध्ये तारीखरेषा ओलांडली की कॅलेंडरातला एक अख्खा दिवस गायब होतो. मॅजेलनच्या, म्हणजे पहिल्या जगप्रदक्षिणेच्या मोहिमेतले वाचलेले खलाशी जुलै १५२२मध्ये केप वर्डी बेटांवर पोचले तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. रोजनिशी तर एक दिवसही न चुकता लिहिलेली होती, त्यामुळे ते चक्रावून गेले. तुमचं चक्रावणं फार तर हॉटेलच्या आरक्षणापुरतं असेल, तेव्हा न्यूझीलंडची खोली ठरवताना निघण्याची तारीख नव्हे, पोचण्याची तारीख टाका. आणि ऋतूंच्या कागदावरची रेघ पूर्वेकडेच जात असेल, तर खुशाल पूर्वेकडून जा. झोप दोन-चार दिवसांत जागेवर येते, पावसात बुडालेला महिना येत नाही.